खारवारा मेथी

मुरुडच्या बाजारपेठेमागे राहणाऱ्या फिरोजाच्या गच्चीवर मेथी, लाल माठ आणि पुदिना उगवत असे आणि शेजारपाजारचे लोक ती भाजी विकत नेऊन खात असत. या व्यवहारात काही गंभीर त्रुटी आहे, हे पुष्कळ वर्षे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले फिरोजाच्या नवऱ्याच्या, रफिकच्या. उमेदीची सगळी वर्षे दोह्यातल्या एका सुपरमार्केटच्या गोदामात काढून तो कायमचा घरी परतला, तेव्हा घर त्याच्यावाचून व्यवस्थित चाललेले होते. मुली लग्न होऊन गेल्या होत्या, एकही नळ गळत नव्हता आणि बायको सकाळपासून गच्चीवर कामात असे. काही दिवस त्याने बैठकीच्या खोलीतले घड्याळ पुढेमागे करून पाहिले. मग तो गच्चीवर गेला आणि म्हणाला की, या धंद्याला नाव नाही.

फिरोजा म्हणाली, नाव आहे की. मेथी.

रफिकने तिला समजावले, की दोह्यात पुदिन्याच्या चार काड्या नाव लावून डबीत बसवल्या, की माणसे त्यांच्याशी अदबीने वागतात. मग त्याने चौकशी केली आणि दर शनिवारी किहीमच्या कॉटेजवर मुक्कामाला येणाऱ्या हेतल नावाच्या ब्रँड सल्लागार बाईंना मुरुडला आणले.

हेतलने गच्ची पाहिली आणि हे ‘अर्बन फार्मिंग’ असल्याचे जाहीर केले. इथून नारळ आणि होड्या सोडून दुसरे काही दिसत नाही, याकडे फिरोजाने तिचे लक्ष वेधले. पण मुरुडला नगरपरिषद असल्याने ते कायद्याने शहर ठरत होते आणि शहरात राहत असल्याची फिरोजाला कल्पना नसणे हा काही कायदेशीर मुद्दा नव्हता. पुढे हेतलने विचारले, “फिरोजाजी, तुमचा ‘व्हाय’ काय आहे?”

फिरोजाने बराच विचार केला. “गच्ची मोकळी पडली होती,” ती म्हणाली.

हेतलने डोळे मिटून घेतले आणि ‘रितेपणातून उमललेली हिरवाई’ असे टिपून ठेवले.

मग नाव ठरवायला घेतले. ‘फिरोजाची भाजी’ ही सूचना फेटाळण्यात आली, कारण ती ऐकताच डोळ्यांपुढे भाजी येत होती. सर्वानुमते ‘खारवारा’ हे नाव मंजूर झाले. फिरोजा तेव्हा चहा करायला खाली गेली होती. पाकिटावर लाटेचे चित्र आले आणि खाली ओळ आली: ‘समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली’.

आता, खारा वारा लागला की कोवळे पान करपते, हे मुरुडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. म्हणूनच फिरोजाने पश्चिमेच्या कठड्यावर हिरवी जाळी बांधली होती. तिने हे हेतलला सांगितले, तेव्हा हेतल गंभीर झाली. पाकिटावर एक आणि गच्चीवर दुसरेच, ही ग्राहकांची फसवणूक ठरली असती. तिच्या मते ब्रँडचा पाया प्रामाणिकपणा असतो.

“मग पाकीट बदला,” फिरोजा म्हणाली.

“पाकीट छापून झालंय,” रफिक म्हणाला. त्याने बायकोकडे न पाहता स्वतःच्या हाताने जाळी सोडली. फिरोजा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून ते पाहत होती.

यथावकाश मेथीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. हेतलने त्यांना ‘सागरी कडा’ असे नाव दिले आणि दर वाढवला. किहीमच्या कॉटेजांमधून मागणी सुरू झाली. एका पाहुण्याने तर भाजीतून समुद्र बोलतो, असे कळवले.

नीराबाई मात्र काही कळवत नसे, ती तोंडावर बोले. ती कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन रोज दारावर येई, पुदिना-मेथी नेई आणि बदल्यात बांगडे ठेवून जाई. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिले. “भाभी, ही जळलेली हाय. माज्या घरात कोन न्हाय खायाचं.”

रफिकने तिला सौम्य शब्दांत सांगितले, की ती या मालाचा अपेक्षित ग्राहक नाही. नीराबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि फिरोजाकडे एकदा पाहून ती गेली. त्या दिवसापासून घरात बांगडा बाजारभावाने येऊ लागला.

लवकरच गच्चीवरची सगळी भाजी सागरी कडांसह मरून गेली. मागणी मात्र जिवंत होती. रफिक वाशीच्या बाजारातून येणाऱ्या टेम्पोवरून जुड्या घेऊ लागला. या जुड्या समुद्राच्या वाऱ्यावर ‘वाढलेल्या’ नव्हत्या, ही अडचण हेतलने एका शब्दाच्या फरकाने सोडवली. नव्या पाकिटावर ‘समुद्राच्या वाऱ्यावर वावरलेली’ असे छापले आणि जुड्या पाकिटात जाण्यापूर्वी काही वेळ गच्चीवर दोरीला टांगल्या जाऊ लागल्या. आता कोणीही येऊन तपासणी करावी.

तसे लोक येऊ लागलेही. त्यांना भाजी स्वतःच्या हाताने उपटायची होती. त्यांच्यासाठी ‘उपटणी अनुभव’ सुरू झाला. सकाळी टेम्पो येई, फिरोजा जुड्या सोडून एकेक काडी मातीत खोची आणि पाहुणे आले की ते ती उपटत आणि हरखून जात. मेथी उगवायला लागतात त्याहून जास्त कष्ट ती खोचायला लागतात, हे तिला या वयात कळले. एका गृहस्थांच्या काडीबरोबर रबरबँड वर आला. ही इकडची पारंपरिक पद्धत आहे, असे रफिकने सांगितल्यावर त्यांनी त्याचाही फोटो काढला.

एका रविवारी फिरोजाला हे सहन होईना. गच्चीवर पाहुणे गोल करून बसले होते आणि हेतल मातीच्या नात्याविषयी बोलत होती. फिरोजा हात पुसत पुढे आली.

“ही भाजी वाशीहून येते,” ती म्हणाली. “सकाळी मी ती मातीत खोचते आणि तुम्ही उपटता. माझी मेथी आम्हीच मारली.”

रफिक कठड्याला टेकून खाली पाहू लागला. नेरुळहून आलेल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “इतका प्रामाणिकपणा,” त्या म्हणाल्या, “आजकाल बघायला मिळत नाही.” त्यांनी पाकिटांची पिशवी भरून घेतली. वाशीचा बाजार त्यांच्या घरापासून जवळच होता. बाकीच्यांनीही भराभर पाकिटे उचलली. पुढच्या आठवड्यात पाकिटावर ‘आम्ही खरं सांगतो’ अशी सोनेरी ओळ आली आणि दर पुन्हा वाढला.

फिरोजाने त्या सोमवारी गच्चीवर पाऊल टाकले नाही. ती कोळीवाड्यात नीराबाईकडे गेली. नीराबाईने तिला बराच वेळ दारात उभे ठेवले, मग पाणी दिले. तिच्या परसात घरांच्या आडोशाने वारा लागत नाही. तिथे आता दोघींची मेथी आहे. ती वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. रफिक गच्चीवरचे पाहुणे आटोपून जेवायला बसतो, तेव्हा ताटात तीच मेथी असते. तो ती मुकाट्याने खातो आणि पुन्हा मागून घेतो.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी ती हळहळत ऐकली आणि काय हा जमाना, असे म्हटले. त्यांपैकी कोळीवाड्याचा पत्ता अद्याप कोणी विचारलेला नाही. जाताजाता प्रत्येकाने एवढेच विचारले, की ते खारवारा ऑनलाइन मिळते का.

मिळते.