मुकादमाची मिशी

नेकनूरच्या बाजारात कुणालाही विचारा, पेन टूल म्हटलं की माझंच नाव निघतं! (म्हणजे निघायला हवं. अजून कुणी विचारलेलं नाही.)

मी मुक्ता, इयत्ता नववी. शाळा सुटली की अशफाकचाचांच्या रेडियमच्या दुकानात. कॉम्प्युटरवर फोटो घ्यायचा, पेन टूलनं कडेकडेनं ठिपके देत, रेषा वाकवत फिरायचं आणि शेवटचा ठिपका पहिल्याला जोडायचा. झाला आकार बंद! मग मशीन तोच आकार रेडियमच्या कागदावर कापतं. नाक, भुवई, बैलाची शिंगं, काय म्हणाल ते! चाचांना दोन तास लागतात, मला अर्धा. उरलेला वेळही मी तिथंच काढते. घरी जायची घाई कुणाला? आई-आण्णा दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले. घरी मी आणि तुळजाआत्या. आत्याला ऐकू येत नाही. मी एवढी बोलते, आणि ऐकणारं घरात कुणीच नाही! माझे विनोद शिळ्या भाकरीसारखे वाळून जातात.

संक्रांतीला बंकट मुकादम ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन गावी आला. आई-आण्णा त्याच्याच टोळीत. त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रोज ऊस भरतात.

"बॉनेटवर माझं तोंड पाहिजे," मुकादम म्हणाला. "आधी मिशी दिसली पाहिजे, मी मागून आलो तरी चालंल!"

आणि माझ्या डोक्यात एकदम चमकलं. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर मी! आईला रोज दिसणार! फोनवर तिला दोन मिनिटं मिळतात, त्यातलं दीड मिनिट "ऐकू येतंय का?" यातच जातं.

"चाचा, माझं पण एक काढू? इत्तुसं?"

"काढ बेटा. पर रेडियम वाया जायला न्हाई पाहिजे. मोकळी जागा सोडायची न्हाई!"

चाचांचा हा कायदाच आहे. एका आकाराच्या पोटात दुसरा आकार बसवायचा. मी ओळखपत्राचा फोटो गिरवला. इत्तुसं म्हणता म्हणता तोंड झालं परातीएवढं! मुकादमाची मिशी त्याच्या गालांबाहेर जात होती, म्हणून ती वेगळी कापायची ठरली. कुठं ठेवावी? माझ्या नाकाखाली छान मोकळी पट्टी होती. तिथं ती अशी चपखल बसली, जशी काय जन्मापासून तिथलीच! नंतर काढून घेऊ म्हटलं.

नंतर कुठलं! चाचा नमाजला गेले, आणि बाहेर मुकादम हॉर्नवर हॉर्न.

"ए पोरी, आवर की! कारखान्यावर लोकं खोळंबलेत!"

मी दोन्ही तोंडं चिकटपट्टीवर उचलली. एक पुढं, एक मागं, धाडधाड दाबली, पट्टी ओढली. ट्रॅक्टरनं असा काही धूर सोडला की ट्रॉली दिसेना, तर मिशी काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन वाजला. मुकादम इतका ओरडत होता की फोनची गरजच नव्हती!

"ओ अशफाकभाई! माझी मिशी कुठाय? टोळीतल्या बाया मला मावशी म्हनायल्यात!"

चाचांनी दुकान पालथं घातलं. केराची टोपली झाली, शेजारच्या रहेमतबीच्या शेळीची उलटतपासणी झाली. मीही मन लावून शोधत होते, हे विशेष!

तेवढ्यात पलीकडं फोन आईनं घेतला, आणि इकडं चाचांनी माझ्या हातात दिला.

"मुक्ते, मागल्या फळीवर एक पोरगी हाय. मिशावाली. तूच हायस न्हवं?"

"कशावरून?"

"उजव्या येणीची रिबीन सुटलीय." मग जरा थांबून, "येणी घालायला कुणी न्हाई का गं तिथं?"

माझा हात उजव्या वेणीकडं गेला.

"ऐकू येतंय का?" आई म्हणाली.

"येतंय," म्हटलं. "घालते की मी. माझी मीच."

मग मुकादमाच्या हुकमावरून आईनं नखानं मिशी खरवडून काढली. मिशी निघाली, पण तिच्याबरोबर माझे ओठही निघाले! आता कारखान्यावर मी बिनतोंडाची फिरते. आण्णा सांगत होते, ऊस भरताना आई त्या फळीशी रोज गप्पा मारते.

उलट उत्तर देत नाही ना, म्हणून इथल्यापेक्षा तिथली मुक्ता तिला जास्त आवडायला लागलीय म्हणे!