प्रेस घेऊचो काय हॅमर?

बाबल मेस्त्रींकडून कोयत्याला धार लावून आणली, की घरी पोचल्यावर त्यांना फोन करावा लागतो. नाही केला तर त्यांचाच येतो. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक दगडी गडगा, एक फणस आणि थोडे माड, बस्स. मी अंगणात शिंकलो तर ते पडवीतून "सत्य" म्हणतात. तरी फोन. "दिगू, पोचलंस मां? बोटां सगळी आसत? मोजून बघलंस?"

तर हे आमच्या आचऱ्यातले लोहार. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा कोयता करावा तर बाबल मेस्त्रींनीच. माडावर चढणारे गडी पार कुणकेश्वरापासून त्यांच्याकडे येतात, दुसऱ्याच्या कोयत्याला हात लावत नाहीत. आणि जन्मभर धार करत आलेला हा गृहस्थ स्वतः धारेला घाबरतो. कोयता देताना आधी केळीचं पान, मग गोणपाट, मग सुतळी. घरी आणून तो सोडवायचा तर दुसरा कोयता लागतो.

धारेचं एकवेळ समजू शकतो. पण हा माणूस नारळाला घाबरतो, म्हणून माडाखालून जाताना डोक्यावर पाटी धरतो. समुद्राला घाबरतो. जन्म किनाऱ्यावर गेला, पण घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. बोलायला तोंड उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "वायट बोलूचा नाय, पन." या 'पन'च्या पुढे वाईटाशिवाय काही येत नाही. मी घराच्या मागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, न्याहरी-निवासाची पाटी लावली, सत्यनारायण घातला. मेस्त्री प्रसाद घेऊन खोलीत शिरले, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "वायट बोलूचा नाय, पन ह्यो पंखो तुटलो तर पाव्हण्याच्या छातीरच येतलो." शिरा पडो त्या तोंडावर! पाहुणे मजेत झोपतात. मी मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या घरात खाट भिंतीला लावून झोपतो.

घाबरत नाहीत ते फक्त आगीला. लालबुंद लोखंड सांडशीत धरून असे उभे राहतात, जसा कोणी बांगडा धरावा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आग डोळ्यांसमोर आसता रे. जा दिसता त्याका काय भियाचा?"

त्यांच्या शाळेत, म्हणजे लोहाराच्या कामाच्या खोपीला आम्ही शाळाच म्हणतो, मेस्त्री सांडशी आणि हातोडी धरायचे आणि समोर घण मारायला त्यांची बायको, शेवंतीवयनी. त्यांच्या घरात ही रीतच होती, लग्न होऊन आलेली सून घण उचलायची. मेस्त्रींची हातोडी जिथे टेकेल तिथे वयनींचा घण पडणार. बोलणं नाही, बघणं नाही. मुलगी लग्न होऊन गोव्याला गेली, तरी यांचं दोघांचं चालूच. मागच्या पावसात मात्र वयनींच्या छातीत कळ आली, ती तिथेच, शाळेत. इस्पितळ झालं, हृदयाजवळ नळी घातली, आणि डॉक्टरने बजावलं, घणाला हात लावायचा नाही. वयनी घरी आल्या, घण कोपऱ्यात गेला. आता गोव्याच्या जावयाच्या मदतीने घणाच्या जागी यंत्र आणायचं ठरलं. आणि मेस्त्रींना घाबरायला नवीन विषय मिळाला.

यंत्रं दोन प्रकारची. एक पॉवर हॅमर. पाय दाबला की मोटरवरचा घण धाड धाड सुरू, माणूस दमेल पण तो नाही. दुसरा प्रेस. तो तेलाच्या दाबाने सावकाश खाली येतो आणि लोखंड चेपतो. आवाज म्हणाल तर गाय रवंथ करते तेवढा.

माझा कौल अर्थातच प्रेसला. माझे पाहुणे पुण्याहून समुद्राची गाज ऐकायला येतात आणि नऊ वाजेपर्यंत झोपतात. त्यांच्या उशाशी धाड धाड सुरू झालं तर माझ्या धंद्याचं काय? मी येता-जाता मेस्त्रींच्या कानी लागलो. "प्रेस घेवा. शांत. सोज्वळ."

"वायट बोलूचा नाय," मेस्त्री म्हणाले, "पन जा यंत्र आवाज न करता खाली येता, ता हात कधी चेपता ता हाताक तरी कळता काय?"

"मगे हॅमर घेवा!"

"हॅमरान जमीन हालतली. बावडी ढासळतली. तुझो पंखो तर पयलो पडतलो."

शेवटी कौल लावायला देवळात गेले. सोबत म्हणून मला नेलं, कारण देवाच्या उत्तराचीही भीती. आमच्याकडे देवाच्या अंगाला फुलांचे कळे लावतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि मेस्त्रींना म्हणाला, इचार. मेस्त्रींनी हात जोडून विचारलं, "म्हाराजा, प्रेस घेतलंय तर काय वायट होतला काय?"

उजवा पडला.

"आणि हॅमर घेतलंय तर काय वायट होतला काय?"

उजवाच पडला. गुरव खूश. "दोन्ही उजवे! देव प्रसन्न आसा!" मेस्त्री पांढरेफटक. "अरे, मी वायटाचा इचारललंय! देव हो म्हणालो!" गुरव म्हणाला, मग सरळ प्रश्न टाक, परत लावू. पण देवाला परत विचारलं तर तो रागावेल, ही भीती होतीच. आम्ही नारळ ठेवून घरी आलो.

मग मी म्हटलं, पुरे झालं, प्रत्यक्ष बघू. नांदगावला हायवेच्या बाजूला एका कारखानदाराकडे दोन्ही यंत्रं आहेत असं कळलं. मी गाडी काढली. वाटेत मी माझ्या पाहुण्यांच्या झोपेवर यथासांग कीर्तन केलं आणि मेस्त्रींनी समोरून येणाऱ्या प्रत्येक डंपरवर.

कारखानदार माणूस स्पष्ट बोलणारा. "कोयते करता ना? मग हॅमर घ्या. प्रेस जाड कामाला बरा. कोयत्याचं पातळ पातं प्रेसमध्ये धरलं की वरून खालून चिकटून त्याची ऊब शोषून घेतो. दोनदा दाबलं की गार. परत भट्टीत घाला, परत काढा." मेस्त्रींनी मान डोलावली. हे त्यांना ठाऊकच होतं.

मग त्याने हॅमर चालू केला. शेडचे पत्रे थरथरले, माझे दात वाजले. मी मेस्त्रींकडे बघितलं, म्हटलं आता पळणार. तर मेस्त्री पुढे! पाट्याचा लाल तुकडा त्यांनी स्वतः सांडशीत धरला, पाय दाबला, आणि बघता बघता तो तुकडा पापडासारखा लांबत गेला. एकाच तापात! म्हातारा हसत होता हो. एवढ्या वर्षांत मी त्यांना काम करताना हसलेलं बघितलं नव्हतं. पुन्हा पुन्हा तुकडे मागून घेतले. मी मनात म्हटलं, गेली माझ्या पाहुण्यांची झोप.

बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला, खिशातून फोन काढला आणि उभे राहिले ते तसेच. वयनींचे फोन येऊन गेले होते. एक नाही, ओळीने. आत ऐकू कसे येणार? मेस्त्रींनी उलटा फोन लावला. लागेना. परत लावला. 'बंद आहे.' मी माझ्या बायकोला लावला, तर ती पाहुण्यांना घेऊन कुणकेश्वराला. शेजारी दुसरं घर नाही.

"मेस्त्री, चार्जिंग संपला आसतला," मी म्हटलं.

ते गाडीत जाऊन बसले, मी गाडी आचऱ्याकडे वळवली. आणि तिथे मला भीती वाटली, खरं सांगतो. डंपर आले, गेले, एकावरही बोलले नाहीत. एका वळणावर बस अगदी अंगावर आली, मी ओरडलो, हे समोर बघत बसलेले. 'वायट बोलूचा नाय' एवढंही तोंडातून आलं नाही. गाडीत नुसतं इंजिन. काय काय मनात आलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "मेस्त्री, काय तरी बोला हो. वायट बोला, पन बोला." मेस्त्रींनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात बर्फ झाला होता.

घरापाशी गाडी थांबवली. मेस्त्री उतरेनात. दाराची कडी घट्ट धरून म्हणाले, "तू जा. तू बघ."

पुढचं दार उघडं. ओटीवर कोणी नाही. मी हाक मारली, उत्तर नाही. तसाच घराला वळसा घालून मागे गेलो. मागच्या पायरीवर वयनी बसल्या होत्या, समोर टोपात बांगडे, हात खवल्यांनी भरलेले.

"खंय होतास तुमी?" वयनी कडाडल्या. "फोन करून करून दमलंय. कोकमाची सोलां संपली, येताना हाडा म्हणान सांगूचा होता. मगे तो फोनच मेलो."

मी तिथूनच ओरडलो, "मेस्त्री! आसा! वयनी आसा!"

"आसा म्हणजे? मी खंय जातलंय?" वयनी म्हणाल्या. मेस्त्री बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोव्याला जावयाला फोन करून सांगितलं, प्रेस घेऊया. तिठ्यावर सगळे हसले. कोयत्याला प्रेस? बाबल हॅमरच्या आवाजाक भियालो! मी मात्र भारावून गेलो. म्हटलं, बघा, माणूस घाबरट असेल, पण शेजाऱ्याच्या पाहुण्यांसाठी धंद्याचं नुकसान सोसतोय. गाडीतलं माझं कीर्तन फुकट गेलं नाही. प्रेस आला, चालू झाला, आणि मी खाज्याचा पुडा घेऊन आभार मानायला शाळेत गेलो.

"मेस्त्री, माझ्या पाव्हण्यांचो इचार केलात, लय बरा वाटला."

"तुझ्या पाव्हण्यांका काय झाला?" मेस्त्रींनी दचकून विचारलं. "बरे आसत मां?"

बोलता बोलता त्यांनी भट्टीतून पातं काढलं, प्रेसखाली धरलं आणि पाय दाबला. यंत्र सावकाश खाली आलं. मध्येच त्यांनी पाय उचलला, भट्टीच्या पंख्याचं बटण बंद केलं, आणि मला हाताने गप्प केलं. कान घराकडे. आतून काही आवाज नव्हता. लाल पातं तांबूस झालं, मग काळं पडत गेलं. मेस्त्री हलले नाहीत. मीही श्वास धरून उभा. मग आतून भांड्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वयनी, "दिगू इलो काय? चाय टाकू?"

"टाक गो," मेस्त्री म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले.

मला राहवलं नाही. "मेस्त्री, हॅमरार केवढे हसत होतास तुमी. ह्या प्रेसात बघा, लोखंड गार झाला."

मेस्त्री काळ्या पात्याकडे बघत राहिले. "मागल्या पावसात, त्या दिवशी तिना हाक मारल्यान, दिगू. हयच, माझ्या समोर उभी रवान. पंखो चालू, मी हातोडी मारतंय. माका आयकाकच नाय इली. ती खाली बसली, तेवा माका दिसली."

त्यांनी पातं पुन्हा निखाऱ्यात सरकवलं.

"लोखंडाचा काय रे," ते म्हणाले, "ता परत तापता."