कप्तानाचा डावा हात

फिक्रीने त्या शुक्रवारी एक अगदी साधा निर्णय घेतला : पुरावा थेट जेवणाच्या टेबलावर मांडायचा.

कॉमिक्सवरून काढलेल्या चित्रपटांचा निवाडा करावा तर फिक्रीनेच, असे साऱ्या कैरोत एका माणसाचे ठाम मत होते. (तो माणूस फिक्रीच. पाणीपुरवठा खात्यात तो कारकून होता. पण ते केवळ पगारापुरते.) ‘कप्तान मरजान’ पडद्यावर आला आणि रेडिओवाल्यांनी फिक्रीचा अभिप्राय त्या शुक्रवारी फोनवरून थेट ऐकवायचे ठरवले. त्याच्या मताला घराबाहेर श्रोते मिळण्याची ही पहिलीच वेळ.

निवाडा तयार होता. लहानपणी साप्ताहिकात वाचलेला कप्तान डावखुरा होता. चित्रपटातला उजव्या हाताने तलवार चालवत होता. हा द्रोह फिक्रीच्या जिव्हारी लागला, याला कारण होते. कप्तानाच्या भक्तीपायी त्याने बालपणीच स्वतःचा उजवा हात सेवानिवृत्त केला होता. त्यासाठी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, आणि लग्नानंतर सासूबाईंची बोलणी. छड्या केव्हाच थांबल्या होत्या.

“डाव्या हाताने जेवतं का माणूस?” सासूबाईंनी, म्हणजे इस्मतबाईंनी, याही शुक्रवारी विचारले. त्या फ्रेंच नन्सच्या शाळेत शिकलेल्या. त्यांचे टोमणेही इस्त्री करून येत.

“आई, कप्तान डावखुराच होता. हे बघा.” फिक्रीने पहिल्या अंकाचे जपून ठेवलेले मुखपृष्ठ मुलुखियाच्या पातळ पालेभाजीच्या पातेल्याशेजारी ठेवले. “आणि हे जहाजावरचं नाव. चाच्यांची गुप्त लिपी. अर्थ, ‘समुद्राचा काळ’. चित्रपटात तिथे सरळ फ्रेंच अक्षरं टाकून मोकळे झालेत.”

“अर्थ कुणी लावला?” भात वाढता वाढता इन्शिराहने नवऱ्याला विचारले.

“मी.”

“मग प्रश्नच मिटला.”

तिच्याकडे दुर्लक्ष करून फिक्रीने डाव्या हाताने पळी उचलली. त्याच क्षणी त्याच्या डावीकडे बसलेल्या सासूबाईंनी उजवा हात पुढे केला. (या दोन कोपरांचे वैर जुने होते.) पळीभर हिरवीगार मुलुखिया, वरच्या लसणाच्या फोडणीसह, कप्तानावर ओतली गेली.

इन्शिराहने कागद दोन बोटांनी उचलून बाल्कनीच्या दारात, उजेडाकडे धरला. मुखपृष्ठाची मागची बाजू कोरी होती. फोडणीच्या तुपाने कागद पारदर्शक झाला आणि चित्र त्या बाजूनेही दिसू लागले.

“तसाच धर,” इस्मतबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला. “‘ला पेतित पूल.’”

“म्हणजे?”

“छोटी कोंबडी. जहाजाचं नाव.”

इस्मतबाई जावयाकडे वळल्या.

“जावईबुवा, परदेशी चित्रं ती. त्यांचं वाचन डावीकडून, आपलं अरबी उजवीकडून. म्हणून आपल्या छापखान्याने पानंच्या पानं उलटी छापली, आरशात दिसतात तशी. आता या बाजूने बघा, तुमच्या कप्तानाची तलवार कुठल्या हातात आहे ती.”

फिक्रीने पाहिले. तलवार उजव्या हातात होती. चित्रपटात होती तश्शी.

तेवढ्यात फोन वाजला.

“आपण थेट प्रक्षेपणात आहात,” निवेदिका गोड आवाजात म्हणाली. “चित्रपट मूळ कॉमिकशी प्रामाणिक आहे का?”

“अतिशय,” फिक्री क्षीण आवाजात म्हणाला. “आमच्यापेक्षा जास्त.”

“वा. आणि कप्तानाचा कोणता गुण तुम्ही आयुष्यभर अंगी बाणवलात?”

डाव्या हातातला फोन फिक्रीने उजव्या हातात घेऊन पाहिला. तो निसटून भातात पडला, पण बंद पडला नाही.

“इन्शिराह,” इस्मतबाई शांतपणे म्हणाल्या, “उद्यापासून यांचं ताट आरशासमोर मांड. निदान तिथे तरी उजव्या हाताने जेवताना दिसतील.”

आणि क्षणभराच्या अंतराने, खालच्या प्रत्येक बाल्कनीतल्या रेडिओतून, तेच वाक्य इस्मतबाईंच्या आवाजात पुन्हा वर आले.