नव्वद किलोंची पकड

आरोग्यविषयक मासिकात मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना कचेरीत सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. हे नाव त्यांना फारसं आवडत नसे. पण त्यात शुद्धलेखनाची चूक नसल्यामुळे तक्रार तरी कशाच्या आधारावर करणार?

त्या दुपारी त्यांच्यासमोर डॉक्टरांच्या सदराचं मुद्रित आलं. वैद्यकातलं नवं संशोधन डॉक्टर दर महिन्याला सोपं करून लिहीत. या वेळचा विषय होता हाताची पकड. ज्यांच्या हाताची पकड वयाच्या मानाने ढिली, त्यांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचा धोका अधिक दिसतो आणि शस्त्रक्रियेनंतर सावरायलाही त्यांना जास्त वेळ लागतो, असं अभ्यासात आढळलं होतं. पुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं, की पन्नाशीतल्या पुरुषाची पकड नव्वद पौंडांच्या आसपास असावी आणि बाईची साठ.

मासिकाचा नियम होता, की पौंड, मैल, फूट छापायचे नाहीत. सगळं किलो आणि मीटरमध्ये. शब्द बदलला की आकडाही बदलायचा, हे अर्थात गृहीतच होतं. पण डॉक्टरांच्या त्या लेखात ‘हृदय’ हा शब्द पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘ह्रदय’ असा पडला होता आणि कानामात्रांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रागाच्या भरात त्यांनी ‘पौंड’ खोडून ‘किलो’ केलं, नव्वदला हात लावला नाही, आणि पुढच्या ‘ह्रदया’वर झडप घातली.

काम संपल्यावर चहा पिता पिता त्यांनी तोच लेख पुन्हा वाचला. ही त्यांची सवयच होती. एकदा मुद्रितशोधक म्हणून वाचायचं आणि एकदा माणूस म्हणून. मुद्रितशोधक खुशीत होता. माणसाला मात्र घाम फुटला. सकाळीच जॅमच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडता आलं नव्हतं. बायकोने फोनवर बोलता बोलता बाटली त्यांच्या हातातून घेतली होती, उघडून परत दिली होती आणि बोलणं एका शब्दानेही तुटू दिलं नव्हतं.

संध्याकाळी ते थेट व्यायामशाळेत गेले. तिथले मास्तर म्हणजे दारातून आत येताना थोडे तिरके होऊन येणारे गृहस्थ. त्यांच्या कपाटात जुन्या सामानाबरोबर आलेलं पकड मोजायचं एक यंत्र होतं. ते कधी कुणी वापरलं नव्हतं. मास्तरांनी धूळ झटकून ते कानामात्रांच्या हातात दिलं.

“दाबा.”

“दाबलं.”

“अहो, जोर लावून दाबा.”

“हे जोर लावूनच दाबलंय.”

काटा चव्वेचाळीसवर थरथरत होता. मास्तर म्हणाले, “बरं आहे की.”

“बरं कसलं! नव्वद हवं. नव्वद किलो. संशोधन झालंय तसं. कमी असेल तर हृदयाला धोका.”

“धोका तुमच्यासारख्यांना,” मास्तर मायेने म्हणाले. “आणा ते इकडे.” त्यांनी यंत्र मुठीत धरलं, श्वास रोखला, मानेच्या शिरा टरारल्या, कान लाल झाले. काटा सत्तरच्या अलीकडेच थांबला. मास्तरांनी यंत्र हलवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, डाव्या हाताने दाबून पाहिलं. डाव्या हाताचं तर सांगण्यासारखं नव्हतं.

“यंत्र बिघडलंय,” ते म्हणाले.

“असेल,” कानामात्रा म्हणाले. पण दोघांनाही ते पटलं नव्हतं.

घरी येताना कानामात्रांनी मनाशी ठरवलं, की बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिची लाँड्री होती. दिवसभर चादरी आणि पडदे यांच्या ढिगाऱ्यात उभी असायची बिचारी. तिच्या जिवाला आणखी घोर नको. मात्र आपल्यामागे तिचं अडू नये म्हणून त्यांनी तिला एकेक गोष्ट शिकवायला सुरुवात केली. पाण्याची मुख्य तोटी कुठे बंद करायची, फ्यूज कसा बदलायचा, गच्चीच्या दाराला कुठली किल्ली लागते. ती सगळं निमूटपणे ऐकून घेई. एरवी असं काही सांगायला गेलं, की ती “तुम्ही आहात ना” म्हणून उठून जायची. आता ती उठली नाही, हे पाहून त्यांना भरून आलं.

आठवडाभरात अंक बाजारात आला. कचेरीतला फोन आधी अधूनमधून वाजू लागला आणि मग थांबेनासा झाला. एका बँकेतल्या झाडून सगळ्या लोकांनी पकड मोजून घेतली होती आणि त्यांच्यात धोक्याबाहेर असा एकही माणूस निघाला नव्हता. एका हमालाने फोन करून विचारलं, की मी रोज नव्वद किलोंची गोणी पाठीवर घेतो ती यात धरतात का. व्यायामशाळेपुढे रांग लागली. तिथून नापास झालेली माणसं तशीच डॉक्टरांच्या दवाखान्याकडे वळू लागली.

घरातही काहीतरी चमत्कारिक चाललं होतं. बायको कानामात्रांना स्वयंपाक शिकवू लागली होती.

“भाताला पाणी एवढं. बोट बुडवून बघा.”

“मला कशाला सांगतेस? तू आहेस ना.”

“असू दे. माणसाला येत असावं. आणि तुमचे हिवाळ्याचे कपडे पेटीत खाली आहेत, वर नाहीत. लक्षात ठेवा.”

‘हिला कळलं,’ कानामात्रांनी ताडलं. ‘कळलं आणि दाखवत नाहीये.’ पण कळलं असेल तर ती त्यांना भात करायला का शिकवत होती, याचा मेळ काही बसेना. जाणाऱ्या माणसाला भात कशाला यायला हवा?

डॉक्टर पहिले दोन-तीन दिवस खूश होते. इतकी वर्षं लिहितोय, शेवटी लोक वाचायला लागले, असं त्यांना वाटलं. मग एक धट्टाकट्टा टेम्पोवाला त्यांच्यापुढे बसून रडवेल्या आवाजात म्हणाला, “डॉक्टर, माझी फक्त पंचावन्न किलो आहे हो. नव्वद व्हायला औषध द्या काहीतरी.”

डॉक्टरांनी अंक मागवला, वाचला आणि दवाखाना तसाच उघडा टाकून मासिकाच्या कचेरीत आले. संपादकबाईंच्या टेबलावर त्यांनी अंक आपटला.

“नव्वद किलो? अहो, नव्वद किलो पकड माणसाची असते का? ती मगरीच्या जबड्याची असते! मी पौंड लिहिले होते, पौंड! नव्वद पौंड म्हणजे चाळीस-एकेचाळीस किलो!”

संपादकबाई शांत बाई होत्या. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, चष्मा काढला आणि दाराकडे पाहून हाक मारली. कानामात्रा आत आले. काय झालंय ते त्यांना सांगावं लागलं नाही. एकेचाळीस हा आकडा त्यांनी बाहेर बसूनच ऐकला होता. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन भाव होते. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केल्याचं दुःख, आणि आपली पकड चव्वेचाळीस असल्याचा आनंद. कुठला आधी दाखवावा ते त्यांना समजेना.

“मी राजीनामा देतो,” ते म्हणाले. आवाज मात्र काहीसा उल्हसित निघाला.

“राजीनामा नको,” संपादकबाई म्हणाल्या. “दुरुस्ती लिहा. ठळक. पुढच्या अंकात पहिल्या पानावर जाईल.”

यावर डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. मग खुर्ची ओढून बसले. “बाई, एक सांगू? दुरुस्ती या महिन्यात नको.”

“म्हणजे?”

“रागाच्या भरात आलो खरा, पण जिन्यावर विचार करत होतो. अहो, ही पकडबिकड म्हणजे नुसती एक खूण आहे. ती कमी म्हणजे आजार झाला असं नव्हे, आणि चांगली म्हणजे सुटलो असंही नव्हे. पण त्या निमित्ताने जी माणसं माझ्याकडे आलीयत ना, ती जन्मात दवाखान्याची पायरी चढली नसती. तो व्यायामशाळेचा मास्तर. सत्तर किलो पकड! घोड्यासारखा माणूस! रक्तदाब पाहिला, तर मलाच चक्कर आली. स्वतःला कधी दाखवलंच नव्हतं त्याने. आणखी थोडे दिवस गेले असते, तर उचलूनच आणावा लागला असता, आणि उचलणार कोण? आता गोळ्या सुरू केल्यात. आणखी महिनाभर लोक येऊ देत ना.”

संपादकबाईंनी अंक मिटून बाजूला ठेवला. “नाही डॉक्टर. लोक घाबरून आले म्हणून खोटं खरं होत नाही. दुरुस्ती जाणार.”

त्या संध्याकाळी कानामात्रा घरी गेले तेव्हा बायको स्वयंपाकघरात कांद्याचे दोन ढीग घेऊन बसली होती, एक तिचा, एक त्यांच्या सरावाचा. त्यांनी पिशवी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पौंड, किलो, चव्वेचाळीस, झाकण, फ्यूज, किल्ली.

ती सुरी हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?”

“काही नाही.”

“आणि बायकांचं ते साठ किलो?”

“तेही पौंडच. सत्तावीस-अठ्ठावीस किलो होतात. पण तुला काय करायचंय त्याच्याशी?”

तिने सुरी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. कांदा अजून चिरायचा होता. “माझी छत्तीस आली होती,” ती म्हणाली. “मास्तरांकडे गेले होते, अंक वाचून. म्हटलं, तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही आधीच घाबरट. म्हणून निदान भात तरी शिकवून ठेवावा.”

कानामात्रा तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. इतके दिवस दोघेही एकमेकांना एकटं राहायला शिकवत होते, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना हसूही आलं, गलबलूनही आलं.

“तू पाण्याची तोटी का शिकून घेत होतीस मग? तुला तर वाटत होतं, की तूच जाणार.”

“तुम्ही इतक्या प्रेमाने शिकवत होतात,” ती म्हणाली. “मन मोडवेना.”

दुरुस्ती छापून आली. पहिल्या पानावर, चौकटीत, ठळक. कानामात्रांनी ती सात वेळा तपासली होती. तिचा परिणाम काहीच झाला नाही. चूक सगळ्या गावाने वाचली होती, दुरुस्ती कुणी वाचली नाही. रांग कमी झाली ती आपोआप, लोकांना दुसरं काहीतरी सापडलं तेव्हा.

कानामात्रांच्या जिवाला मात्र टोचणी लागून राहिली होती. एका सकाळी कचेरीच्या दारात एक ठेंगणी, ठसठशीत बाई येऊन उभी राहिली आणि तिने मोठ्याने विचारलं, “ते किलोची चूक करणारे कोण?”

सगळ्या कचेरीने एकसाथ कानामात्रांकडे बोट दाखवलं. ते उठून उभे राहिले. शिव्या खायची त्यांची तयारी होती.

“मी व्यायामशाळेच्या मास्तरांची बायको,” ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. “तुमचे उपकार झाले बघा. वीस वर्षं मी सांगत होते, एकदा डॉक्टरला दाखवा, दाखवा. ऐकलं नाही. तुमच्यामुळे गेले.”

“अहो, पण ती चूक होती,” कानामात्रा पुटपुटले. “दुरुस्तीही छापली आहे.”

“ती मी त्यांना दाखवलीच नाही. पान फाडून टाकलं.” ती पुढे झुकली. “आता असं आहे, गोळ्या घेतात, पण जेवताना वरून मीठ घेतात. मूठभर. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. छापलेलं मात्र ऐकतात. पुढच्या अंकात मिठाबद्दल येणार आहे म्हणे?”

येणार होतं. मुद्रित कानामात्रांच्या टेबलावरच पडलं होतं. दिवसभरात सगळं मिळून फार तर एक लहान चमचा मीठ, असं डॉक्टरांनी त्यात लिहिलं होतं.

“तर त्या चमच्याच्या जागी,” ती बाई हळूच म्हणाली, “चिमूट होईल का? चुकून?”

“बाई!” कानामात्रा ताडकन उभे राहिले. “मी तीस वर्षं या खुर्चीत बसतोय. एक चूक झाली, ती चूक होती. जाणूनबुजून चूक? हजारो लोक वाचतात हे! शक्य नाही. अजिबात शक्य नाही.”

बाईने मान हलवली. ती रागावली नाही, तिने वादही घातला नाही. “खरंय तुमचं,” असं म्हणून ती उठली आणि दाराकडे निघाली. पाठमोरी ती फारच लहान दिसत होती. आणि मास्तर तर केवढे मोठे होते.

कानामात्रांनी संपादकबाईंच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

“अहो बाई,” त्यांनी दबक्या आवाजात हाक मारली. “अंक बाहेर आला, की दुकानातून घेऊ नका. इथे या.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “तुमच्या घरची प्रत मी वेगळी करून ठेवतो.”