उत्तरपूजेअभावी

ठाण्याच्या कचेरीतले हंगामी कारकून दौलतराव यांनी फौंटनपेन घेतलं ते हौसेनं नव्हे, पोटासाठी. पोटात शाई मावणारं हे विलायती पेन कायम झालेल्या झाडून साऱ्या कारकुनांकडे होतं, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याचं नाव शिरस्तेदारांना काही केल्या आठवत नसे. दौलतरावांच्या मिशा पिकल्या, तरी ते हंगामीच!

आगबोटीवर खानसामा असलेल्या बाळकुमच्या फेलिक्सनं पेन आणून दिलं. दौलतरावांनी ते भरलं, कचेरीत नेलं आणि, पेनाच्या बाबतीत नवखेच ते, चक्क लिहायला बसले.

शिरस्तेदार धावत आले. "अहो, हे काय आरंभलंत? दसऱ्याची पूजा व्हायच्या आत पेन चालवतात होय?"

दौलतराव ओशाळले. दसऱ्याला त्यांचंही पेन सगळ्यांबरोबर चौरंगावर बसलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी ते उचलायला गेले, तर शिरस्तेदारांनी हात धरला.

"उत्तरपूजा झाली का? सरकारी चौरंगावरचा देव हलवायला वरून लेखी हुकूम लागतो. मी विचारणा करणार आहे."

"मग लिहू कशानं?"

"दुसरं घ्या. आम्ही काय केलं?"

दुसरं आलं. पुढच्या दसऱ्याला एकाची पूजा आणि दुसरं उपाशी, असा पंक्तिप्रपंच नको म्हणून तेही चौरंगावर चढलं. मग तिसरं. फेलिक्सनं विचारलं, "दवलतराव, तुमाला लिवाचं हाय का दुकान मांडाचं हाय?" पण शिरस्तेदार आता 'आमचे संग्राहक दौलतराव' म्हणून ओळख करून देत. दौलतराव मनातून भलतेच सुखावले.

खरं लिखाण सगळे टेबलाखाली लपवलेल्या बोरूनं उरकत. पण शिरस्तेदारांनी अभिमानानं वर कळवलं, की कचेरी संपूर्णपणे फौंटनपेनवर गेली आहे. वरून तत्परतेनं बोरू बंद झाले. लिहिणंच थांबलं. उत्तरपूजेची विचारणाही राहिली.

तपासणीला साहेब आले. कोऱ्या वह्या मन लावून चाळल्या आणि म्हणाले, "वर्षभरात एकही चूक नाही! शाबास!"

त्या आनंदात शिरस्तेदारांनी जाहीर केलं, "दौलतराव, तुम्ही कायम!"

"आणि हुकूम?"

"तो काय, लिहिला की झाला."

लिहिणार कोण? दौलतराव वाट पाहून पाहून थकले. शेवटी बायको मालन कडाडली, "त्यातलं एक उचला नि लिहा बाई एकदाचं! पाप लागलं तर माझ्या माथी."

दौलतरावांनी मन घट्ट केलं. आपलं पेन उचललं, हुकूम लिहिला आणि सहीसाठी पुढे ठेवला. शिरस्तेदारांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"देवाला हात लावलात तो लावलात, पण तारीख चुकवलीत! कचेरीतली वर्षभरातली पहिली चूक! तुम्ही बडतर्फ!"

"रावसाहेब, पोटावर मारू नका हो!" दौलतराव रडकुंडीला आले.

"ते काही नाही. हुकूम हातात पडला की चालू लागा."

तो हुकूम अजून पडायचा आहे. दौलतराव रोज कचेरीत येतात, पान लावतात, डुलकी काढतात. इतकी भरवशाची नोकरी कायम झालेल्यांचीसुद्धा नाही.

काय म्हणता, तुमचाही अर्ज तिथं कधीचा पडून आहे? अहो, पडून कसला! पेनांखाली अंथरायला काहीतरी लागतंच की.