लाल हद्द

"लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही," असं लेकीने फोनवर बजावलं, म्हणून मोजणीदारांनी मुकाट्याने दंड पुढे केला. बायकोने लस आधीच घेतली होती; त्यांना मात्र एरवी सुई नुसती दिसली तरी घेरी येई. पण पहिलीच नात, आणि तिला बघायला उद्याच निघायचं होतं.

"थोडं लाल होईल, घाबरू नका," नर्सबाई म्हणाल्या. "वाढतंय असं वाटलं तर कडेने रेघ मारून ठेवा. रेघेबाहेर गेलं तर या."

रेघ मारा, हे त्यांनी कुणाला सांगावं? तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखणाऱ्या माणसाला! घरी येताच मोजणीदारांनी साधं पेन बाजूला सारलं, नकाशाची पक्की लाल शाई काढली आणि दंडावर झोकदार हद्द आखली.

दुपारी उकाड्याने घामाच्या धारा लागल्या. चारच्या पाहणीत लाली हद्दीबाहेर बोटभर सरकलेली दिसली.

"अतिक्रमण!" मोजणीदार ओरडले.

त्यांनी लगेच नवी हद्द आखली, अर्थात लालच. तासाभरात तीही ओलांडली गेली. मग तिसरी आली, चौथी आली. पट्टी धरून बायकोचे हात भरून आले.

"अहो, कोपराच्या खाली उतरलं की हो!"

"माझं काही खरं नाही," मोजणीदार म्हणाले. "नातीला एकदा मांडीवर घेतलं असतं गं."

"असं अभद्र बोलू नका. मी घेईन ना तुमच्या वाटचं," बायकोने धीर दिला. त्या धीराने मोजणीदार आणखीच खचले.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं दारात हजर होते. नर्सबाईंनी चष्मा लावला, स्पिरिटचा बोळा दंडावर घासला आणि लालभडक झालेला बोळा त्यांच्या नाकासमोर धरला.

"काका, ही शाई आहे! लसीची लाली केव्हाच उतरली. खुशाल जा."

"आणि हा रंग?"

"तो मुरलाय. आठवडाभर तरी जायचा नाही."

मोजणीदार बायकोला घेऊन हवेत तरंगतच लेकीच्या घरी पोचले. चपला काढल्या, हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि पाळण्याकडे झेपावले.

"बाबा, थांबा!" लेक किंचाळली. "हाताला काय झालंय? लस बाधली वाटतं! हे जाईपर्यंत बाळाजवळ यायचं नाही."

"अगं, शाई आहे ती! तुझ्या आईला विचार."

नात तोवर आजीच्या मांडीवर विसावली होती. तिने आजीचं बोट घट्ट धरलं होतं.

"आई, खरंच शाई आहे?"

आजीने नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडे, मग पुन्हा नातीकडे.

"मला बाईला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "आठवडाभर वाट बघू या की."