उजवा हात कोरडा

उतेकर मॅडम ऑफिसच्या पार्टीला घरून जेवून येतात. काहीतरी तोंडात टाकून नव्हे. तांदळाची भाकरी, भाजी, वर आमटीभात, असं बैजवार जेवून. मग पार्टीत ताटली घेतात, तिच्यात काकडीची एक चकती ठेवतात आणि दोन तास ती चकती सांभाळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा उपास असेल.

"उपास नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या तोंडात घास असतो, नेमकं तेव्हाच साहेब प्रश्न विचारतात."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत. मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. शिवथरच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नमुना कसा घ्यावा हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पार्टीत कसं उभं राहावं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मॅडमनी शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

शिकवणी प्रयोगशाळेतच चालायची. पार्टीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता त्या आम्हा पाच जणांना ओळीत उभं करायच्या आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला बीकर द्यायच्या.

"ग्लास डाव्या हातात. उजवा हात कोरडा. का?"

"हात मिळवायला, मॅडम," आम्ही एका सुरात.

"ओला हात दिला की समोरचा काय करतो?"

"पँटला पुसतो, मॅडम."

"आणि जन्मभर काय लक्षात ठेवतो?"

"ओला हात, मॅडम."

मग हसण्याचा सराव. साहेबांच्या विनोदावर दात दिसू द्यायचे, आवाज येऊ द्यायचा नाही. आमच्या सुभाषने, म्हणजे चाळिशीच्या, दोन लेकरांच्या बापाने, एकदा इतके मनापासून दात दाखवले, की दारात आलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याने घाबरून विचारलं, "काय गळतंय का इथे?"

"पार्टी ही पाळीच असते," हे मॅडमचं ठरलेलं वाक्य. "फक्त पंच करायला मशीन नसतं." नाचायला ओढलं तर फोन कानाला लावून बाहेर पडायचं. गुडघेदुखीबद्दल बोलायचं नाही. बक्षीस मिळालं तर खोकं हलवून बघायचं नाही. आणि बोलायचं ते शुद्ध. सुभाष 'नाय' म्हणाला, की तराजूत उरलेली चिमूट टाकावी तशा त्या "ही!" एवढंच टाकायच्या. तो निमूटपणे 'नाही' पूर्ण करायचा.

सगळ्यांत कडक नियम मात्र वेगळा होता. घरचं माणूस पार्टीला आणायचं नाही.

"पण मॅडम, कंपनी बोलावते की त्यांना."

"कंपनी बोलावते. आपण आणायचं नाही. लोक घरच्यांकडे बघून आपलं वजन करतात."

यंदा हा नियम मी मोडला. लेक कुठे काम करते, कुणासोबत करते, हे बाबांना एकदा बघायचं होतं. कारखान्याच्या फाटकातून बाहेरच्यांना सोडत नाहीत. वर्धापनदिनाचं जेवण तेवढं महामार्गावरच्या हॉटेलात असतं. बाबा इस्त्रीचा सदरा आणि कडक टोपी घालून पहिल्या एसटीने निघाले आणि बाराच्या जेवणाला साडेनऊला येऊन बसले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काकडीकडे पाहिलं.

"आणलंस," एवढंच म्हणाल्या.

मुंबईहून आलेले नवे मोठे साहेब सगळ्यांना हात हलवत फिरत होते. बाबांसमोर थांबून ते म्हणाले, "हाय, अंकल!"

बाबा ताडकन उभे राहिले.

"हाय ना सायेब, हाय! साडेनवाधरनं हितंच हाय. तुमी कवा आलाव?"

साहेब हजेरी घेतायत अशीच त्यांची समजूत झाली होती. साहेबांबरोबर आलेल्या मुंबई ऑफिसच्या घोळक्यात हशा पिकला. एक जण "हितंच हाय, हितंच हाय" असं घोळवून घोळवून म्हणू लागला. बाबाही त्यांच्याबरोबर हसले. का ते त्यांना कळलं नव्हतं. आणि मी? माझा ग्लास डाव्या हातात होता, उजवा हात कोरडा होता, आणि ते दुसऱ्याच कुणाचे वडील असावेत तशी मी जागच्या जागी उभी होते.

मॅडम हलल्या. ताटली टेबलावर ठेवून त्या सरळ मधे गेल्या.

"सर, हे आमच्या वैशालीचे वडील. आमच्या भागात 'हाय' म्हणजे 'आहे'. तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं. उत्तर बरोबर आहे."

नमुना पास की नापास हे सांगतानाचा आवाज होता तो. त्याच्यापुढे कुणी हसत नाही. साहेबांनी "सॉरी" म्हणून हात पुढे केला, बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. मग मॅडम बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"दादा, मी पोलादपूरच्या वरली. वाल फुलला का तुमच्याकडं?"

"फुलला गो बाय. पर वानरां काय ठेवत नाय."

"आमच्याकडं तर शेंगच बघाया मिळायची नाय. आई दिवसभर गोफण घेऊन बांधावर."

सुभाषचा ग्लास कलंडला. मॅडमच्या तोंडून 'नाय'! पुढचा अर्धा तास दोघं वानरांवर बोलत होती. मॅडम आवाज करून हसत होत्या आणि मुंबईचा घोळका आपापल्या ताटात बघत होता.

बाबांना एसटीत बसवायला मी निघाले, तर मॅडमही थांब्यापर्यंत आल्या. गाडी वळणाआड गेली.

"सॉरी, मॅडम," मी म्हणाले. बाबांना आणलं म्हणून, की मी हलले नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

त्या रस्त्याकडेच बघत होत्या.

"माझी आई एकदा म्हणाली होती, मलापण ने. लुगडंही काढून ठेवलं होतं तिने. मी सांगितलं, घरच्यांना परवानगी नसते."

"मग?"

"ती असेपर्यंत दर वर्षी विचारायची, यंदा तरी दिली का परवानगी? आमंत्रणाचं कार्ड घरात तिच्यासमोरच पडलेलं असायचं. त्यावर 'सहकुटुंब' छापलेलं होतं गो. तिला वाचता येत नव्हतं."